ऑफिस सुटलं तरी बाईचा ताण का सुटत नाही

संध्याकाळी काम संपलं की शरीराने हळूहळू शांत व्हायला हवं ना? स्वीडनमधल्या मानसशास्त्रज्ञ मारियान फ्रँकेनहॉयझर यांनी हेच मोजून बघितलं. गोथेनबर्गच्या व्होल्व्हो कंपनीतले काही पुरुष मॅनेजर आणि काही बायका मॅनेजर घेतले आणि त्यांची ताणाची हार्मोन्स तपासली, 1989 मध्ये तो अभ्यास छापून आला. ऑफिस सुटल्यावर पुरुषांचं नॉरअ‍ॅड्रेनलिन खाली यायला लागलं आणि बायकांचं मात्र उलट वर चढलं. घरची शिफ्ट सुरू व्हायची होती ना!

आता ताण म्हणजे मुळात वाईटच असं नाही. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग पिट्यूटरी ग्रंथीला निरोप देतो, पिट्यूटरी किडनीवर बसलेल्या अ‍ॅड्रेनल ग्रंथींना सांगते आणि मग कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन सुटतं. सकाळी आपण उठून कामाला लागतो त्यात याच कॉर्टिसॉलचा हात असतो. ते रात्री उतरायला पाहिजे, एवढंच. जिथे उतरायला फुरसतच मिळत नाही तिथे झोप बिघडते, बीपी वाढतं, चिडचिड होते, आणि हे वर्षानुवर्षं चाललं की नैराश्याची शक्यता वाढते. आणि मग लोक म्हणतात ही हल्ली फार किरकिर करते.

आपल्याकडचा आकडा बघा. 2024 च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी 289 मिनिटं त्यात घालवतात, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची 88 मिनिटं. मुलांचं, म्हाताऱ्या माणसांचं बघणं यात नाही, ते वेगळं मोजलंय. आणि डोक्यात जे चालू असतं ते तर कुठेच मोजलेलं नाही, म्हणजे सिलिंडर कधी संपेल, पोराचा डोस कधी आहे, सासूबाईंच्या गोळ्या किती उरल्यात. मुंबई लोकलच्या लेडीज डब्यात बायका मांडीवर पिशवी घेऊन गवार मोडत बसतात, बसायला मिळालेला तेवढा वेळही रात्रीच्या भाजीला जातो.

म्हणून 8 मार्चला गुलाबाचं फूल आणि तासाभराचं स्ट्रेस मॅनेजमेंट सेशन याने फार काही होत नाही असं मला अगदी मनापासून वाटतं. कामाचा बोजा जास्त आणि वेळ आपल्या हातात नाही, हे दोन्ही एकत्र आलं की माणूस जास्त पिचतो, हे कामाच्या ताणाचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 लाच मांडलंय. म्हणजे संध्याकाळी सहाची मीटिंग अचानक न टाकणं, शिफ्ट आधी सांगणं, बाळंतपणाहून परत आलेलीला तिचंच काम परत देणं, याचा उपयोग जास्त. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर द्यायलाच हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवं, 2017 पासून कायदाच आहे. आपल्या ऑफिसात आहे का, एचआरला विचारा की! आणि अगदीच सहन होत नसेल तर टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, नंबर 14416, फुकट आहे, चोवीस तास चालू, मराठीतही बोलता येतं.

पण घरची 289 मिनिटं कमी व्हायची तर बापालाही घरी वेळ मिळायला हवा. केंद्र सरकारी नोकरीत बापाला 15 दिवसांची रजा आहे, खाजगी नोकरीतल्या बापाला मात्र कायद्याने एक दिवसही नाही.