चालता कारखाना घ्यायचा, तर पैसा कुणाचा?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला किंवा नवी मुंबईतल्या रबाळे-महापे पट्ट्यातला चालता कारखाना घ्यायला निघालेला माणूस पहिल्यांदा अडखळतो तो ‘टेकओव्हर’ या शब्दावर. बँकेच्या बोलीत टेकओव्हर म्हणजे दुसऱ्या बँकेतलं कर्जखातं आपल्याकडे ओढणं. मालक तोच, शेड तीच, बँक फक्त नवी. अशा खात्यासाठी बँकांचे अधिकारी स्वतः फोन करतात. मालकच बदलणार आहे म्हटलं की सूर पालटतो, कारण मग ते बहुधा शेअर खरेदीचं कर्ज ठरतं, आणि अशा कर्जापासून बँकांना नियमांनी दूर ठेवलेलं.

कारखानदाराच्या तोंडी मात्र याच शब्दात तीन वेगळे व्यवहार मावतात. कंपनीचे शेअर घेणं, अख्खा धंदा एकरकमी घेणं (स्लम्प सेल), किंवा नुसता प्लॉट आणि यंत्रं घेणं. तिसऱ्याला मुदत कर्ज मिळू शकतं, पहिल्याला बहुधा नाही. दुसऱ्याची गंमत वेगळीच. प्राप्तिकर कायद्यात १९९९ च्या वित्त कायद्याने आलेल्या व्याख्येनुसार त्यात एकेका मालमत्तेची किंमत वेगळी लावलेली नसते, आणि बँकेचा व्हॅल्युअर तर लेथपासून कॉम्प्रेसरपर्यंत प्रत्येकाची किंमत मांडून मागतो. शिवाय जमीन ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावरची, म्हणजे हस्तांतरणाला औद्योगिक विकास महामंडळाची (एमआयडीसी) संमती आणि शुल्क आलंच. एवढं जमलं तरी धंद्याच्या नावलौकिकाचे, जुन्या गिऱ्हाइकांचे पैसे तारणात बसत नाहीत. ती फट कुणीतरी भरावी लागते.

बँकांना शेअर खरेदीपासून दूर ठेवण्यामागचं कारण खोटं नव्हतं: ठेवीदारांचा पैसा सट्ट्यात जाऊ नये. पण सट्टेबाज आणि तीस कामगारांचं युनिट चालवायला घेणारा फोरमन यांना एकाच चाळणीतून काढलं गेलं. मोठ्यांनी वाट शोधली. २००० साली एका भारतीय चहा कंपनीने ब्रिटनमधली आपल्याहून मोठी कंपनी बरंचसं कर्ज काढून घेतली, तेही तिथेच वेगळी कंपनी उभारून. ठाण्याच्या फोरमनला लंडन कुठलं?

त्याला सावकार भेटला तो विकणाराच. काही रक्कम हातात, उरलेली दोन-तीन वर्षांच्या हप्त्यांनी, त्याबदल्यात पुढच्या तारखांचे चेक. १ एप्रिल १९८९ पासून न वटलेला चेक हा फौजदारी गुन्हा झाला, आणि या कागदाला वजन आलं. खटला वर्षानुवर्षं रेंगाळतो, हे दोघांनाही ठाऊक असतं. म्हणून विकणारा शेवटचा हप्ता मिळेपर्यंत काही शेअर स्वतःकडेच ठेवतो. काही करारांत उरलेली किंमत पुढच्या उलाढालीवर बेततात. जुनं गिऱ्हाईक टिकलं तर पूर्ण पैसे, नाहीतर कमी.

सप्टेंबर २०१८ मध्ये एका बड्या वित्तसमूहाने देणी थकवली आणि बिगर-बँक वित्त कंपन्यांचा पैसा आटला. घर गहाण ठेवून त्यांच्याकडून कर्ज काढणाऱ्यांची तीही सोय आकसली. काहींनी मग कच्चा माल देणाऱ्या व्यापाऱ्यालाच भागीदार करून घेतलं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने देशातल्या कंपनी-खरेदीसाठी बँकांना कर्ज देऊ देण्याचं जाहीर केलं. त्यानंतर आलेल्या मसुद्यात बँकेचा वाटा जास्तीत जास्त ७० टक्के होता, आणि खरेदीदार शेअर बाजारात नोंदलेली, नफ्यातली कंपनी असावी अशी अट होती. रबाळ्यातली प्रायव्हेट लिमिटेड त्या अटीतच बसत नव्हती.