आठ पायांच्या प्रवाहमापक चिपमागचा इतिहास

मोटर ड्रायव्हर, बॅटरी चार्जर किंवा इन्व्हर्टर उघडून पाहिला, तर बोर्डावरचा जाड तांब्याचा मार्ग एखाद्या लहानशा काळ्या चिपमध्ये शिरून लगेच बाहेर पडलेला बऱ्याचदा दिसतो. चिपच्या एका बाजूने कित्येक अँपिअर प्रवाह जातो, दुसऱ्या बाजूने मायक्रोकंट्रोलरला झेपेल असं व्होल्टेज मिळतं आणि दोन्ही बाजूंमध्ये तारेचा संबंध नसतो. या चिपचा पाया १८७९ सालचा आहे. त्यावर उपयोगी वस्तू उभी राहायला मात्र शंभरएक वर्षं लागली. कारण एकच: मिळणारा सिग्नल अगदी किरकोळ, आणि त्यात मिसळणाऱ्या चुका त्याच्याहून मोठ्या.

एडविन हॉल हा बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हेन्री रोलंड यांच्या हाताखाली संशोधन करणारा विद्यार्थी. मॅक्सवेलच्या वीज-चुंबकत्वावरच्या ग्रंथात त्याला एक विधान खटकलं. चुंबकीय क्षेत्रातल्या तारेवर जे बल येतं, ते प्रवाहावर नसून प्रवाह वाहून नेणाऱ्या धातूवर असतं, असं मॅक्सवेल म्हणत होता. हॉलचा आक्षेप साधा होता. प्रवाह बंद केला की बलही नाहीसं होतं. मग बल धातूवर आहे असं कसं म्हणायचं? प्रवाह खरंच एका कडेला ढकलला जात असेल, तर तारेचा रोध वाढायला हवा, म्हणून आधी त्याने जर्मन सिल्व्हरच्या तारेचा रोध चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवून मोजला. फरक दिसला नाही. मग रोलंडच्या सल्ल्याने काचेवर चिकटवलेला सोन्याचा वर्ख घेतला आणि प्रवाहाला आडव्या दिशेने, म्हणजे वर्खाच्या दोन कडांना, गॅल्व्हानोमीटर, म्हणजे अगदी बारीक प्रवाहही काट्याने दाखवणारं उपकरण, जोडला. ऑक्टोबर १८७९ मध्ये काटा हलला: प्रवाहाला आडवं व्होल्टेज मिळालं होतं, त्यालाच पुढे हॉल परिणाम म्हणू लागले. नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात मॅक्सवेलचं निधन झालं.

त्या वेळी इलेक्ट्रॉन ठाऊकच नव्हता; तो सापडला १८९७ मध्ये. त्यामुळे आडव्या व्होल्टेजची दिशा सोन्यात एक आणि लोखंडात बरोबर उलट का येते, हे कोडं हॉलच्या हयातीत बराच काळ तसंच राहिलं. ‘होल’ या धन विद्युतभाराच्या कल्पनेने ते पुढे सुटलं.

वर्खच का लागला, हे आकडे घातले की कळतं. आडवं व्होल्टेज प्रवाह आणि चुंबकीय क्षेत्र यांच्या प्रमाणात वाढतं, पण पट्टीची जाडी आणि त्यातल्या मोकळ्या भारवाहकांची घनता यांनी भागलं जातं. तांब्याच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ८.५ × १०^२८ मोकळे इलेक्ट्रॉन असतात. ०.१ मिलिमीटर जाडीची पट्टी, १ अँपिअर प्रवाह आणि १ टेस्ला इतकं जबर क्षेत्र घेतलं, तरी हाती येतात पाऊण मायक्रोव्होल्टच्या आसपास. अशा सिग्नलवर उपकरण बेतायची कल्पना कुणी मनावर घेतली नाही यात नवल नाही.

वाट मोकळी केली ती अर्धवाहकांनी. त्यांच्यात भारवाहक कितीतरी पटींनी कमी, म्हणून व्होल्टेज तितकं जास्त. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सीमेन्समध्ये हाइनरिख वेल्कर यांनी इंडियम अँटिमोनाइडसारख्या संयुगांवर काम केलं. त्यांत इलेक्ट्रॉन अतिशय चपळ असतात आणि हॉल घटकासाठी, म्हणजे या परिणामावर चालणाऱ्या पट्टीसाठी, तोच गुण हवा होता. सिलिकॉन या बाबतीत खरं तर सुमार पदार्थ. पण त्याच तुकड्यावर अॅम्प्लिफायरही कोरता येतो, आणि पुढचा सगळा डाव याच एका गोष्टीने जिंकला. १९६८ मध्ये हनीवेलच्या मायक्रो स्विच विभागाने हॉल चिपवर चालणारा कीबोर्ड आणला: प्रत्येक कळीखाली चुंबक आणि एक चिप. ही निवड धूर्त होती. कळ दाबली की नाही, एवढंच विचारायचं असेल तर चिपमध्ये थोडीफार चूक असली तरी चालतं.

प्रवाह मोजताना ती चालत नाही. हॉल पट्टी म्हणजे विद्युतदृष्ट्या चार रोधांचा ब्रिज. घडणीत जरा असमतोल राहिला, किंवा प्लॅस्टिकच्या आवरणाने सिलिकॉनवर ताण दिला, की क्षेत्र शून्य असतानाही व्होल्टेज दिसतं. ही खोटी भर कित्येक मिलिटेस्ला क्षेत्राइतकी असू शकते. आता तुलना पाहा. १ अँपिअर वाहणाऱ्या सरळ तारेपासून १ मिलिमीटरवर क्षेत्र असतं ०.२ मिलिटेस्ला, पृथ्वीच्या स्वतःच्या क्षेत्राच्या जेमतेम चौपट. मोजायचं ते असं खोट्या भरीत हरवलेलं.

यावर दोन दिशांनी उपाय निघाले. पहिला, क्षेत्रच वाढवायचं. तारेभोवती फेराइटचं किंवा लोखंडी मिश्रधातूचं कडं घालून त्याच्या फटीत हॉल घटक बसवायचा. १९७२ मध्ये जिनिव्हात सुरू झालेली लेम ही कंपनी याच धंद्यात मोठी झाली. बंद-वलय प्रकारात कड्यावरच्या गुंडाळीतून उलटा प्रवाह सोडून फटीतलं क्षेत्र शून्यावर ठेवतात आणि त्या उलट्या प्रवाहावरून मूळ प्रवाह काढतात. हॉल घटकाची संवेदनशीलता तापमानाने बदलली तरी मग फारसं बिघडत नाही. अचूकता उत्तम, पण आकार मोठा आणि स्वतःची वीजही जास्त खातो.

दुसरा उपाय पट्टीच्या आतला, आणि माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत देखणा. हॉल पट्टीला चार टोकं असतात. प्रवाह एका जोडीतून घालून दुसऱ्या जोडीवर व्होल्टेज घ्यायचं, मग जोड्यांची अदलाबदल करायची. अदलाबदलीत खऱ्या सिग्नलची आणि खोट्या भरीची चिन्हं एकमेकांच्या सापेक्ष उलटतात. हेच वेगाने, सेकंदाला हजारो वेळा केलं की भर वेगळी काढून गाळता येते. खोटी भर त्यामुळे मिलिटेस्लावरून मायक्रोटेस्लांवर येते.

एवढी तयारी झाल्यावर कड्याशिवाय भागू लागलं. तांब्याचा यू आकाराचा वाहक पॅकेजमध्येच, सिलिकॉनला जवळजवळ खेटून बसवला की अंतर मिलिमीटरहून कमी होतं. अॅलेग्रो कंपनीची एसीएस ७१२ ही या घराण्यातली सर्वांत परिचित चिप. वाहकाचा रोध १.२ मिलिओहम, बँडविड्थ, म्हणजे किती वेगाने बदलणारा प्रवाह टिपता येतो ती मर्यादा, ८० किलोहर्ट्झ, शून्य प्रवाहाला पुरवठ्याच्या निम्मं व्होल्टेज. ५, २० आणि ३० अँपिअरच्या आवृत्त्या अनुक्रमे १८५, १०० आणि ६६ मिलिव्होल्ट प्रति अँपिअर देतात.

इथे एक गैरसमज नेहमी भेटतो: हॉल चिपमध्ये वीज वाया जात नाही. २० अँपिअरला १.२ मिलिओहममध्ये ०.४८ वॉट जातात, म्हणजे साध्या शंट रोधाइतकेच (प्रवाहाच्या वाटेत घालून ज्यावरचं व्होल्टेज मोजतात, तो लहान रोध). ही चिप घ्यायची ती विलगतेसाठी, म्हणजे दोन बाजूंमध्ये तारेचा संबंध नको म्हणून. करंट ट्रान्सफॉर्मरही विलगता देतो, पण त्याला डीसी प्रवाह दिसत नाही. डेटाशीटवरचे २.१ किलोव्होल्ट हेही चाचणीचं व्होल्टेज आहे. सततच्या वापराची मर्यादा वेगळ्या ओळीत, बरीच खाली असते. आणि बोर्डावर त्या चिपखालून तांबं ओढलं तर ती विलगताही हातची जाते.

दुसरा मुद्दा गोंगाटाचा, म्हणजे सिग्नलमध्ये मिसळणाऱ्या नको असलेल्या थरथरीचा. २ किलोहर्ट्झच्या फिल्टरसह तिन्ही आवृत्त्यांचा शिखर-ते-शिखर गोंगाट २१, ११ आणि ७ मिलिव्होल्ट दिलेला आहे. प्रत्येकाला आपापल्या संवेदनशीलतेने, म्हणजे वरच्या मिलिव्होल्ट प्रति अँपिअरच्या आकड्याने, भागा: उत्तर तिन्हीकडे ०.११ अँपिअरच्या आसपास येतं. सिलिकॉनची पट्टी तीच, फक्त पुढचं प्रवर्धन निराळं. म्हणून ‘लहान प्रवाह मोजायचाय, ५ अँपिअरची घेऊ’ हा हिशेब निम्माच खरा. १० बिटांच्या एडीसीची (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या सर्किटची) एक पायरी मात्र त्या आवृत्तीत बारीक पडते: ५ व्होल्टवर सुमारे २६ मिलिअँपिअर, तर ३० अँपिअरवालीत ७४. गोंगाट कमी करायचा तर फिल्टर पिनवरचा कपॅसिटर वाढवावा लागतो आणि त्याची किंमत वेगात मोजावी लागते. मोटरच्या शॉर्ट सर्किट संरक्षणासाठी असा मंद केलेला सिग्नल निरुपयोगी.

आउटपुट पुरवठ्याच्या प्रमाणात सरकतं, हेही हेतुपुरस्सर आहे. एडीसी ज्याच्याशी तुलना करून मोजतो तो संदर्भ त्याच ५ व्होल्टवरून घेतला तर दोघे एकत्र हलतात आणि चूक रद्द होते. संदर्भ वेगळा आणि स्थिर ठेवला, की यूएसबीच्या डुगडुगत्या पुरवठ्याबरोबर शून्यही डुगडुगतं.

राहिलं ते बाहेरचं क्षेत्र. कडं गेलं तसं त्याचं आडोसा देणंही गेलं, त्यामुळे शेजारचा ट्रान्सफॉर्मर किंवा जाड तार थेट वाचनात उतरते. एसीएस ७२४ सारख्या नंतरच्या चिपमध्ये म्हणून दोन ठिकाणी हॉल घटक ठेवून त्यांच्या वाचनांची वजाबाकी करतात: यू वाहकाचं क्षेत्र दोन्हींवर उलट दिशेने पडतं, बाहेरचं बहुतेक सारखंच. शेजारची तार फारच जवळ असेल तर दोन्ही घटकांवर तिचं क्षेत्र सारखं राहत नाही, आणि मग ती बोर्डावर दूर सरकवण्यावाचून गत्यंतर नसतं.