तापाने १०४ आणि उन्हाने १०४: बर्फाच्या पाण्यात कोणाला ठेवायचं?

थर्मामीटरवर दोघांचा आकडा एकच असू शकतो. पण बर्फाच्या पाण्यात एकाचा जीव वाचतो, दुसऱ्याचे नुसते हाल होतात.

संसर्गाच्या तापात मेंदूनेच शरीराचं तापमान वर नेलेलं असतं. अशा अंगावर गार पाणी ओतलं की मेंदू ते टिकवायला धडपडतो: कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, हुडहुडी भरते आणि आत आणखी उष्णता तयार होते. इथे पॅरासिटामॉल चालतं, कारण ते मेंदूने ठरवलेली पातळीच खाली आणतं. मिठाच्या पाण्याच्या पट्ट्यांनी बरं वाटतं, ताप फारसा उतरत नाही. बर्फ आणि स्पिरिट तर नकोच.

उष्माघातात मेंदूने काही वाढवलेलं नसतं. शरीराला बाहेर टाकता येत नाही इतकी उष्णता आत साठते. पॅरासिटामॉल इथे निरुपयोगी, शिवाय उष्णतेने आधीच दुखावलेल्या यकृताला त्याचा भार.

मग ओळखायचं कसं? कडक उन्हात राबणारा किंवा भरतीसाठी धावणारा माणूस बरळायला लागला, झोकांड्या खाऊ लागला, त्याला झटके आले, शुद्ध हरपली, तर उष्माघातच धरा. अंग कोरडंच असतं हा समज घातक आहे. कष्टाने आलेल्या उष्माघातात माणूस घामाने चिंब असू शकतो. काखेतला थर्मामीटरही कमी आकडा दाखवून फसवतो. खरं तापमान गुदद्वारात कळतं, पण ते मोजता येत नाही म्हणून थांबू नका.

१०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थंड करणं सुरू ठेवा. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरलं तर वाचण्याची शक्यता खूप वाढते. जादा कपडे काढून माणसाला टबमध्ये गळ्यापर्यंत बुडवा, बर्फ घाला. एकाने काखेतून पंचा घालून त्याला धरावं, तोंड पाण्यावरच राहिलं पाहिजे. पाणी सतत ढवळा, नाहीतर अंगालगतचं पाणी कोमट होऊन बसतं.

टब नसेल तर ताडपत्री घ्या. चार-सहा जणांनी कडा उचलून धरायच्या, मध्ये माणूस, शंभरेक लिटर पाणी आणि फोडलेली बर्फाची लादी (रसवंतीवर मिळते), मग ताडपत्री हळूहळू हलवत राहायचं. तेवढं पाणी नसेल तर बर्फाच्या पाण्यात पिळलेले पंचे डोकं, धड, हातपाय यांवर टाका आणि दर दोन-तीन मिनिटांनी बदला.

कुडकुडी भरली तरी थांबू नका. गुदद्वारातलं तापमान १०२ फॅरनहाइटला आलं की बाहेर काढा. मोजता येत नसेल तर माणूस नीट भानावर येईपर्यंत, साधारण १५ मिनिटं. भान नसताना तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. उलटी होऊ लागली तर कुशीवर वळवा.

घरातच उकाड्याने कोसळलेल्या वृद्धाला, विशेषतः हृदयरोग असेल तर, बुडवण्यापेक्षा अंग सतत ओलं ठेवून जोरात पंखा लावणं बरं.