अपडेटनंतर लॅपटॉप तापला म्हणून लगेच फॉरमॅट मारू नका
आमच्याकडे रत्नागिरीत एक समज कधीपासून फिरतोय, नवीन विंडोज टाकलं नि लॅपटॉप तापला म्हणजे त्याला ते झेपत नाही, फॉरमॅट मारून जुनं टाका. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, बऱ्याच जणांनी ११ घेतलं, तेव्हापासून तर जास्तच. नाहीतर मग "खारी हवा लागली". अहो खाऱ्या हवेने पोर्ट गंजतात, पण एका रात्रीत?

आमच्या काकांचा असाच, पंखा मिक्सरसारखा घरघरतोय. कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजर (आत काय काय चाललंय ते दाखवणारी खिडकी) उघडला, सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या कॉलमवर क्लिक केलं तर वर दोनच नावं, सर्च इंडेक्सर आणि अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल. म्हणजे अपग्रेडनंतर फायलींची यादी नव्याने बनतेय आणि व्हायरस स्कॅन चाललंय, प्रोसेसर राबतोय म्हणून ताप. काका मात्र तापला की बंद करायचे, मग काम अर्धवट, चार दिवस तेच रडगाणं. गोधडीवरून उचलून टेबलावर ठेवला (खालची जाळी बुजली होती!), चार्जर लावला, स्लीप बंद करून रात्रभर चालू ठेवला, सकाळी गार.

मॅकवरही हेच, तिथे स्पॉटलाइट, म्हणजे मॅकचं सर्च, यादी बनवतो.

दोन-तीन दिवसांनीही भलतंच कुठलं अ‍ॅप वर दिसत असेल तर स्टार्टअप अ‍ॅप्समधून (लॅपटॉप सुरू होताच आपोआप चालू होणाऱ्या अ‍ॅप्सची यादी) ते बंद करा. आणि सीपीयू निवांत असूनही तापतोय, तर मात्र पंख्यातली धूळ काढून घ्या.