पीअर-टू-पीअर फाइल शेअरिंग : शोध व वाहतूक

मध्यवर्ती साठ्याशिवाय संगणकांनी एकमेकांकडील फाइल शोधून देण्याघेण्याची पद्धत. तिच्या आरंभाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक १९७९ च्या सुमाराच्या यूजनेट या चर्चागटांच्या जाळ्यापर्यंत मागे जातात. पण तेथे देवघेव सर्व्हरांमध्येच होई. गाण्यांच्या फाइलींची देवघेव करणारे नॅपस्टर (१९९९) हा रूढ आरंभ. मात्र त्याची सूची एकाच ठिकाणी असल्याने शोध स्वस्त होता आणि २००१ मध्ये ती बंद होताच जाळेही थांबले. शोधाच्या दृष्टीने मध्यवर्ती सूची नसलेल्या, मार्च २००० मधील ग्नूटेला या जाळ्यापासून सुरुवात धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

मूळ ग्नूटेलात संगणक आलेली विचारणा सर्व शेजाऱ्यांकडे धाडी. तिच्यासोबतचा आकडा (सहसा ७) दर टप्प्याला एकने घटे आणि शून्यावर आला की विचारणा थांबे. प्रत्येकी ४ शेजारी धरल्यास ४, १२, ३६ असे वाढत सात टप्प्यांत जास्तीत जास्त ४,३७२ संगणक गाठले जातात. प्रत्यक्षात वाटा एकमेकींत मिसळतात. तीच विचारणा पुन्हा आली की ओळखून टाकून दिली जाते, पण तोवर तिने बँडविड्थ खाल्लेली असते. आकडा घटवला तर वाहतूक आटते, मात्र दुर्मीळ फाइल हाती लागत नाही.

वितरित हॅश तक्त्यांत, म्हणजे नावापासून गणिताने काढलेल्या किल्लीवरून फाइलची नोंद कोणत्या संगणकाकडे आहे हे ठरवणाऱ्या पद्धतींत (कॉर्ड, २००१, केडेम्लिया, २००२), दहा लाख संगणकांतही साधारण वीस टप्पे पुरतात. अट एकच, किल्ली तंतोतंत हवी. ‘नाट्यगीत’ आणि ‘नाट्यगित’ यांच्या किल्ल्यांत काहीही साम्य नसते. म्हणून शब्दशोधासाठी निवडक सक्षम संगणकांवर सूची ठेवणारी महाजोड पद्धतच व्यवहारात उजवी ठरते.

जाळ्यातला शेजारी भूगोलातला शेजारी असेलच असे नाही. ग्नूटेलाच्या २०००–०१ मधील मोजणीत एकाच स्वायत्त जाळ्याच्या (एकाच सेवादात्याच्या किंवा संस्थेच्या ताब्यातील जाळ्याच्या) आत राहणाऱ्या जोडण्या २ ते ५ टक्केच आढळल्या. मुंबईत हा मुद्दा थेट खर्चाचा होता. अंधेरीतील दोन इमारतींत तीच फाइल असूनही ती समुद्राखालच्या केबलवरून परदेशातून येई. केबलवाल्याच्या किंवा वसतिगृहाच्या लॅनवरील (स्थानिक जाळ्यावरील) डीसी++ या फाइल-देवघेवीच्या प्रणालीच्या हबमध्ये, म्हणजे सदस्यांना जोडणाऱ्या सर्व्हरमध्ये, विचारणा हबमार्फत सर्व सदस्यांना जाई, फाइल मात्र थेट दोघांत उतरे. बाहेरच्या जोडणीवर भार येत नसे. निक्सी या भारतातील इंटरनेट-देवघेव संस्थेच्या मुंबई केंद्रामुळे देशी जाळ्यांमधील वाहतूक देशातच वळवता येते. परंतु टोरेंट या फाइल तुकड्यातुकड्यांनी देण्याघेण्याच्या पद्धतीतला ट्रॅकर (कोणाकडे फाइल आहे हे सांगणारा सर्व्हर) सहसा जागा न पाहता जोडीदार सुचवतो, त्यामुळे ती सोय आपोआप वापरली जात नाही.