पाकोळ्यांची आवाजावरून पाहणी: कोरड्या मुलखातल्या पद्धतीची पार्श्वभूमी

ग्वाल्हेरच्या किल्ल्यात मानमंदिराच्या तळघरात उतरलं की आधी उग्र वास येतो, मग डोक्यावर फडफड. शहराच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत पाहुणा आला की त्याला किल्ला दाखवणं ओघानंच येतं, त्यामुळे हा वास आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीचा. पण संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या पाकोळ्या, म्हणजे छोटी वटवाघळं, कोणत्या जातीच्या, हे नुसतं बघून कळत नाही. जाळं लावलं तर खालून उडणाऱ्या तेवढ्या सापडतात. कोरड्या, उघड्या मुलखात उंदरासारख्या लांब शेपटीच्या कितीतरी पाकोळ्या जाळ्याच्या बऱ्याच वरून निघून जातात. म्हणून त्यांचा आवाज टिपायचा.

1793 साली इटलीत शास्त्रज्ञ स्पालान्झानी यांनी दाखवून दिलं की डोळे गेले तरी वटवाघूळ नीट उडतं. पुढच्याच वर्षी जिनिव्हाचे शल्यवैद्य ज्युरिन यांनी वटवाघळांचे कान बुजवले, आणि ती धडकू लागली. उत्तर हाताशी होतं: वटवाघूळ हाक देतं आणि तिच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतं. पण जो आवाज माणसाला ऐकूच येत नाही, त्यावर विश्वास कोण ठेवणार? त्यासाठी 1938 उजाडावं लागलं. हार्वर्डमध्ये विद्यार्थी असलेल्या डोनाल्ड ग्रिफिन यांनी वटवाघळं भौतिकशास्त्रज्ञ पिअर्स यांच्या यंत्रासमोर नेली, आणि यंत्राने ती हाक पकडली.

इथून पुढचा इतिहास यंत्रांचा आहे, आणि मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते: ज्या यंत्राला जे ऐकू आलं, तेवढंच नोंदवलं गेलं. सुरुवातीची हातातली हेटरोडाइन यंत्रं रेडिओसारखी आवाजाच्या एका पट्ट्यावर लावावी लागत. काटा 40 किलोहर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला 40 हजार कंपनांवर) असताना 100 च्या आसपास हाक देणारी, घोड्याच्या नालेसारख्या नाकाची पाकोळी शेजारून गेली तरी पत्ता लागत नसे. मग ऑस्ट्रेलियात ख्रिस कॉर्बेन यांचं अ‍ॅनाबॅट आलं. हे यंत्र सगळे पट्टे एकदम ऐके, मात्र हाकेचा जोर टिपत नसे. आता ऑडिओमॉथसारखं मुठीत मावणारं यंत्र सेकंदाला 3,84,000 नमुने घेतं, म्हणजे 192 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पूर्ण साठवतं.

तरीही हवा आड येतेच. 100 किलोहर्ट्झची हाक थोड्याच मीटरांत विरते, 30 ची कितीतरी दूर जाते. त्यातून तापमान आणि दमटपणा बदलला की हे अंतरही बदलतं. मे महिन्यातल्या आपल्याकडच्या रात्रीची नोंद पावसाळ्यातल्या नोंदीशेजारी सरळ मांडली तर हिशेब चुकेल. शिवाय यंत्र फेऱ्या मोजतं, पाकोळ्या नव्हे; पाण्याच्या टाक्यावर एकच पाकोळी दहा वेळा आली तर नोंदी दहा. झाडांवर लटकणारी मोठी फळखाऊ वटवाघळं तर अशी हाकच देत नाहीत. त्यांची मोजणी डोळ्यांनीच करावी लागते.

भारतात जर्मन संशोधक नॉयवायलर यांनी मदुराईच्या पाकोळ्यांची शिकार आणि हाका यांवर काम केलं. 2014 साली दक्षिण पश्चिम घाटातल्या जाती हाकेवरून ओळखण्याचं काम प्रसिद्ध झालं. पण तिकडच्या नमुन्यांवरून इकडच्या हाका ओळखणं धोक्याचं. एकाच जातीची हाक प्रदेशानुसार बदलू शकते. चंबळच्या घळींत किंवा किल्ल्यात यंत्र टांगण्याआधी तिथलीच पाकोळी रीतसर परवानगीने पकडायची, जात पक्की करायची, आणि सोडताना ती उडत असतानाची हाक टिपून ठेवायची.