घरी रेकॉर्डिंग करायचंय? आधी माइक मोजा, सॉफ्टवेअर मग बघू

दुकानात येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारतो, ‘रेकॉर्डिंगला कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?’ आम्ही उलट विचारतो, ‘एका वेळी किती जण गाणार-वाजवणार?’ निम्मी खरेदी त्या उत्तरावर ठरते.

तुम्ही एकटे गाता, तंबोरा हेडफोनवर ऐकता आणि पेटी नंतर वेगळी वाजवून जोडता, तर दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा, पुरतो. पण गाणं, पेटी आणि तबला एकत्र बसणार असतील तर गळ्याला एक माइक, पेटीला एक, तबल्याला एक, डग्ग्याला एक, असे चार झाले. इथे पैसे वाचवायला दोन इनपुटचा इंटरफेस घेतला की तबला-डग्गा एकाच माइकवर येतात. मग डग्गा जरा कमी करायला गेलं की तबलाही दबतो, आणि त्यावर पुढे काही इलाज नसतो.

खोक्यावर ‘चार इनपुट’ लिहिलेलं असलं तरी त्यातले माइकचे दोनच असू शकतात, बाकीचे लाइनच्या, म्हणजे कीबोर्डसारख्या थेट वायरने जोडायच्या वाद्यांसाठी. म्हणून इंटरफेस हातात घ्या, पुढून-मागून फिरवा आणि एक्सएलआरची, म्हणजे माइकच्या तीन पिनांच्या वायरची, सॉकेट स्वतः मोजा. कंडेन्सर माइक, म्हणजे बाहेरून वीज लागणारा जास्त नाजूक माइक, घेणार असाल तर 48 व्होल्टचं फँटम पॉवरचं बटणही बघा; ती वीज माइकच्याच वायरमधून जाते. शुअर एसएम58 सारख्या डायनॅमिक माइकला ते लागत नाही. घर रस्त्यालगत असेल तर गळ्यासाठी आम्ही डायनॅमिकच सुचवतो, कारण तो तोंडाजवळ धरता येतो आणि बाहेरचे हॉर्न कमी पकडतो.

लॅपटॉपशी सूत जमतं का?

सगळ्यात जास्त गिऱ्हाइकं इथेच अडकतात. मॅकमध्ये कोअर ऑडिओ ही आवाज सांभाळणारी यंत्रणा आधीपासून असते, तिथे त्रास कमी. विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे इंटरफेस आणि सॉफ्टवेअरमध्ये आवाज झटपट पोचवणारा छोटा प्रोग्राम, लागतो, आणि तो इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा असावा. एएसआयओ-फॉर-ऑल हा कुठल्याही कंपनीच्या इंटरफेसला चालणारा फुकट ड्रायव्हर अडीअडचणीला ठीक, रोजच्या कामाला नाही.

ड्रायव्हरवर एवढा भर का, तर उशिरामुळे. कॉम्प्युटर आवाजाचे नमुने थोडे साठवून मग पुढे पाठवतो, त्या साठ्याला बफर म्हणतात. 48 किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 48,000 नमुने घेताना, बफर 512 नमुन्यांचा ठेवला तर आवाज आत यायला 10.7 मिलिसेकंद आणि बाहेर पडायला तेवढेच. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे आपलाच गळा सात मीटरांवरून ऐकल्यासारखं झालं. मुरकी घेणारा माणूस त्यात अडखळणारच. बफर 128 वर आणला की हेच अंतर दोन मीटरांच्या आत येतं. चांगला ड्रायव्हर 128 वरही खरखर न करता चालतो. शिवाय इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असेल तर आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट कानात येतो. ते बटण असलेलाच घ्या.

फायरवायर या जुन्या प्रकारच्या वायरने जोडायचा इंटरफेस स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. तो जोडायला नव्या लॅपटॉपवर पोर्टच नसतो.

आता सॉफ्टवेअर

मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट आहे, त्यावर सुरुवात करा. विंडोजवाल्यांना आम्ही रीपर सांगतो. 60 दिवस पूर्ण वापरून बघता येतं, घरगुती परवाना 60 डॉलरचा, आणि जुन्या लॅपटॉपलाही झेपतं. बऱ्याच इंटरफेससोबत एबलटन लाइव्ह किंवा क्यूबेसची छोटी आवृत्ती येते, तीही वापरून बघा. महागडं सॉफ्टवेअर घेतल्याने माइकने टिपलेला आवाज सुधारत नाही, हे आम्ही विक्रेते असूनही ठामपणे सांगतो. 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर चार माइकचं एक तास रेकॉर्डिंग साधारण दोन जीबी होतं, तेव्हा एसएसडीवर जागा ठेवा.

घुंऽऽ असा आवाज येत असेल तर

चार्जर काढून बघा. थांबला तर गडबड बहुधा अर्थिंगची, माइकची नाही. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट तपासून घ्या. चार्जरची तिसरी पिन कापायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, शॉक बसू शकतो.

पंखा बंद करा, गाणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर दोन जाड गोधड्या टाका. पेटीचा माइक वरून, दीड-दोन फुटांवर, भात्यापासून तिरपा ठेवा. त्याहून जवळ नेला की सुरांपेक्षा पट्ट्यांची टकटक आणि भात्याची हवा जास्त येते.

येताना लॅपटॉप, त्याचा चार्जर आणि तुमचे हेडफोन घेऊन या. आम्ही इंटरफेस जोडून पाच मिनिटं रेकॉर्ड करतो, तुम्ही ऐका, पटलं तरच पैसे द्या. पेटी उचलून आणायची गरज नाही, दुकानात आहे. तबला मात्र तुमचा, तुमच्या सुरात लावलेला आणा.